आत्याबाईंच्या कापडी तोफा

लष्कराच्या त्या डेपोत मोठमोठ्या शेड होत्या. एकीत रणगाड्यांची इंजिनं उतरवत, एकीत नुसते टायर, एकीत तंबू. आणि सगळ्यांच्या मागे, पाण्याच्या टाकीला पाठ टेकून एक लांबोडकी शेड होती, तिला सगळे खोट्यांची शेड म्हणत. दारावरच्या पाटीवर ‘दिखाऊ साहित्य कार्यशाळा’ असं भारदस्त नाव होतं खरं, पण ते पाटीवरच राहिलं. पोस्टमनसुद्धा पाकिटावरचं नाव नीट वाचायचा आणि म्हणायचा, "म्हणजे खोट्यांचं आलंय."

तिथे खोट्या तोफा तयार होत. लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, त्यावर ताणलेला जाड कॅनव्हास आणि कॅनव्हासवर रंग. खऱ्या तोफा झाडीत लपवायच्या आणि या उघड्यावर मांडायच्या, म्हणजे वरून बघणाऱ्यानं आपले गोळे यांच्यावर फुकट घालवावेत. काम एवढंच. पण ते करवून घेणारी बाई ही काही साधी असामी नव्हती.

सगळे तिला आत्याबाई म्हणत. खरं तर ती आत्या एकाच मुलीची. भावाची मुलगी लहानपणी शाळा सुटली की शेडमध्ये येऊन बसायची, आणि तिच्या ‘आत्या, आत्या’च्या घोषानं तिथले शिंपी, सुतार, रंगारी असे सतराच्या सतरा जण हळूहळू भाचे होऊन बसले. त्यांतले चार जण आत्याबाईंपेक्षा वयानं मोठे होते, पण तिकडे कुणी लक्ष दिलं नाही. पुढे डेपोचे मोठे साहेबही आत्याबाईच म्हणू लागले.

आत्याबाईंचे वडील नाटकांचे पडदे रंगवत. राजवाडा, जंगल, रस्ता, तुरुंग, काय म्हणाल ते. त्यांचा हात असा की एकदा त्यांनी पडद्यावर दार रंगवलं, तर नाटकातला नायक रागारागानं ‘मी चाललो’ म्हणून त्याच दारातून जायला गेला आणि पडद्यासकट आडवा झाला. लोकांनी इतक्या टाळ्या वाजवल्या की पुढच्या प्रयोगाला मालक म्हणाला, रोज पडत जा. या वडिलांनी पोरीला एक नियम घालून दिला होता: उजेड डावीकडून. त्यांच्या नाटकगृहात मोठा दिवा डाव्या खांबाला टांगलेला असायचा, म्हणून प्रत्येक खांबाची, झाडाची, खुर्चीची सावली त्यांनी उजव्या बाजूला रंगवली. पोरीच्या बोटांत तो नियम असा मुरला की ती कागदावर साधी वाटी काढी, तरी सावली उजवीकडे.

बाविसाव्या वर्षी ती डेपोत लागली. तिनं पहिली तोफ रंगवली आणि दुसऱ्याच दिवशी तपासणीला आलेले एक जाडजूड अधिकारी बोलता बोलता त्या तोफेला टेकले. टेकले ते थेट पलीकडच्या रंगाच्या बादलीत बसले. उठून त्यांनी पाठ झाडली नाही, शेऱ्याची वही मागवली आणि लिहिलं, ‘काम समाधानकारक’. आत्याबाई हा किस्सा नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगत, वहीतल्या पानासकट.

पण त्यांचा खरा अभिमान त्या किश्शात नव्हता. एकदा सीमेवर मोठी चकमक झाली. त्यानंतर महिन्याभरानं एक शिपाई शेडच्या दारात येऊन उभा राहिला. "कापडी तोफा इथेच होतात का?" त्यानं विचारलं. हो म्हटल्यावर तो म्हणाला, "आम्ही नऊ जण चरात होतो. गोळे तुमच्या तोफांवर पडत होते, आमच्यापासून अडीचशे पावलांवर. मी फक्त बघायला आलो." त्याला स्टूल दिलं, चहा दिला. तो दुपारभर शिंप्याची सुई वरखाली होताना बघत बसला आणि तसाच निघून गेला. त्या दिवसापासून आत्याबाई कुणी ‘खोट्या’ म्हटलं तरी चिडेनाशा झाल्या. आपण रंगवलं तिथे गोळा पडतो, आणि जिथे पडतो तिथे माणूस नसतो, एवढं त्यांना पुरे होतं.

छत्तीस वर्षं हे बिनबोभाट चाललं. मग यंत्र आलं.

हे यंत्र म्हणजे डोळा. भुंग्यासारखं गुणगुणणारं छोटं ड्रोन वर जातं, फोटो घेतं, आणि त्याच्यातला संगणक स्वतःच ठरवतो: ही तोफ, हा ट्रक, हे नुसतं खोड. पूर्वी विमानातल्या माणसाला बघायला दोन क्षण मिळत आणि तेवढ्यात तो फसे. या डोळ्याला घाई नाही, झोप नाही, आणि त्यानं आधी लाखभर फोटो बघून ठेवलेले. गोळा सोडायचं बटण माणसानंच दाबायचं असा नियम होता. पण यंत्र छातीठोकपणे सांगतंय म्हटल्यावर दाबणारा तरी किती विचार करणार. आणि आपल्याकडे असा डोळा आहे म्हणजे समोरच्यांकडेही असणारच, हे सांगायला कुणी ज्योतिषी लागत नव्हता.

आपल्याकडचा डोळा ज्या तुकडीनं घडवला, तिच्यात ती भाचीही होती. तीच, शेडमध्ये बसून अभ्यास करणारी. इंजिनिअर झाली, लष्कराच्या संगणक विभागात लागली आणि आता डेपोच्या पुढच्या इमारतीत, पंखा नसलेल्या आणि थंडगार असलेल्या खोलीत बसू लागली.

मोठ्या साहेबांनी परीक्षा ठेवली. सरावाच्या मैदानावर दहा खऱ्या तोफा, दहा खोट्या, सगळ्या मिसळून. यंत्रानं ओळखायचं. "आत्याबाई," साहेब सरळच म्हणाले, "यानं निम्म्याहून जास्त बरोबर ओळखल्या तर मला ही शेड चालू ठेवता येणार नाही. ज्या खोट्या तोफेला कुणी फसत नाही तिच्या भरवशावर मी माणसं कशी पाठवू? तुमच्या लोकांना दुसऱ्या शेडमध्ये सामावून घेऊ."

"रास्त आहे," आत्याबाई म्हणाल्या. त्यांना धास्ती नव्हतीच.

ड्रोन उडालं. आत्याबाईंनी चष्मा पुसून डोळ्यांवर ठेवला, तोवर निकाल आला होता.

"वीसपैकी वीस," भाची खालच्या आवाजात म्हणाली.

"म्हणजे?"

"दहा खऱ्या, दहा खोट्या. सगळ्या बरोबर, आत्या."

आत्याबाई भाचीच्या संगणकाच्या पडद्याजवळ गेल्या. "कशावरून ओळखलं म्हणतं तुझं कार्टं?"

"ते सांगत नाही. नुसता टक्का दाखवतं. ही बघ, खोटी, सत्त्याण्णव टक्के."

"तू नुसतं उत्तर लिहिलंस की मास्तर तुला शून्य देत होते."

"याला देत नाहीत," भाची म्हणाली.

साहेबांना वाईट वाटलं असावं. ते म्हणाले, "पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा बघू. दोन दुपारी यंत्र तुमच्या शेडमध्ये येईल, हवं ते विचारा त्याला. मग मात्र जो निकाल लागेल तो शेवटचा."

शेडमध्ये सुतार हत्यारं पुसून पेटीत भरायला लागला होता. "आत्तापासून गाशा गुंडाळतोस?" आत्याबाई त्याच्यावर कडाडल्या. "पंधरा दिवस म्हणालेत. पहिल्याच दिवशी पळणारा तू सुतार आहेस की पाहुणा?" त्यानं निमूटपणे करवत पुन्हा खिळ्याला टांगली. पण जेवणाच्या सुट्टीत आत्याबाईंनी स्वतःचा डबा उघडला नाही, हे सगळ्यांनी पाहिलं.

यंत्र शेडमध्ये आलं त्या दुपारी त्यांनी वडिलांची एक जुनी युक्ती काढली. पडदा फसलाय हे दिसतं, पण कुठे फसलाय ते कळत नाही, असं झालं की वडील चित्राचा एकेक तुकडा चादरीनं झाकत आणि मागे जाऊन बघत. जो तुकडा झाकल्यावर चित्र बरं दिसेल तिथे चूक. आत्याबाईंनी अंगणात एक कापडी तोफ मांडली, बराकीतून सहा चादरी मागवल्या आणि शिंप्याला शिडीवर चढवलं.

"चाक झाक. आता विचार तुझ्या कार्ट्याला."

"सत्त्याण्णव," भाची म्हणाली.

"नळीचं तोंड झाक."

"सत्त्याण्णव."

"पुढची ढाल."

"शहाण्णव. आत्या, शिंपीकाकांचा पायही दिसतोय त्यात."

"पाय खोटा म्हणतंय का? मग राहू दे. आता नळीच्या खालची पट्टी झाक, ती काळी."

भाची उठून उभी राहिली. "एक्केचाळीस."

"पुन्हा झाक."

पुन्हा एक्केचाळीस. चादर काढली, सत्त्याण्णव. आत्याबाई त्या काळ्या पट्टीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. ती नळीची रंगवलेली सावली होती, उजव्या बाजूला, घोटून घोटून मऊ केलेली. तिच्याकडे बघून लांबूनही नळी गोल वाटायची. आणि दुपारचे चार वाजल्यानं शिडीची खरी सावली नेमकी दुसऱ्या बाजूला पडली होती.

भाचीच्याही ते त्याच क्षणी लक्षात आलं. "आत्या, यंत्राला शिकवायला आम्हाला खोट्या तोफांचे फोटो हवे होते. ते आम्ही याच अंगणात काढले. सकाळी, दुपारी, संध्याकाळी, कितीतरी महिने. खऱ्या तोफेची सावली सूर्याबरोबर फिरते. तुझी जागची हलत नाही."

"ते फोटो काढताना मीच तुम्हाला चांगली बाजू दाखवत होते."

"हो. एक तोफ तर तू पदरानं पुसून दिली होतीस."

"आणि समोरच्यांचं यंत्र?"

"ते लोकही वर्षानुवर्षं वरून आपल्या तोफांचे फोटो काढताहेत. त्यांच्या यंत्रानंही हेच धरलं असणार."

आत्याबाई पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर बसल्या. छत्तीस वर्षं ज्या सावलीवर त्या मान ताठ ठेवून होत्या, तिनंच त्यांना उघडं पाडलं होतं. सतरा जणांना त्यांनीच शिकवलं होतं, उजेड डावीकडून. त्या म्हणाल्या, "म्हणजे तुझ्या कार्ट्याला तोफ कळत नाही गं. त्याला माझा हात कळतो." हे सांगताना आवाज जड होता, पण त्यात कुठेतरी ऐटही होती. कुणाचा हात असा वरून, ढगांतून ओळखला जातो?

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये मसलत बसली. शिंपी म्हणाला, "सावली रंगवायचीच नाही. आतून कापूस भरून नळी फुगवू. सावली आपोआप पडेल आणि फिरेलही."

"उत्तम. उरलेल्या दिवसांत किती होतील?"

"जिवाचं रान केलं तर तीन."

"आणि राहिलेल्या सात?"

"सावली धुऊन टाकू. बाकी नशीब."

आत्याबाई कुंचल्याच्या दांड्यानं टेबलावर टकटक करत राहिल्या. मग थांबल्या. "त्याला माझा हात कळतो ना? मग तो खऱ्या तोफांवर फिरवते. बघू काय म्हणतं ते."

क्षणभर कुणाला काही उमगलं नाही. सगळ्यांत आधी सुताराला उमगलं आणि तो इतका हसला की त्याला ठसका लागला.

साहेबांनी परवानगी दिली, पण खरी अडचण पुढे होती. खऱ्या तोफा ज्यांच्या ताब्यात, ते तोफखान्याचे प्रमुख. त्यांना सगळे मिशीवाले म्हणत. तोफेवर माशी बसली तरी त्यांना सहन होत नसे. रंगाच्या बादल्या बघून ते वाटेत आडवे उभे राहिले.

"आत्याबाई, ही तोफ आहे. नाटकातली नटी नाही."

"नटीला लागते त्याच्या निम्मीही पावडर लागणार नाही. सरस आणि खडूचा रंग आहे, ओल्या फडक्यानं निघतो."

"माझ्या पोरांनी बघितलं तर हसतील."

"मिशीला तुम्ही काय लावता ते त्यांना माहीत आहे. त्यावर हसले का कधी?"

मिशीवाल्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि बाजूला झाले. आत्याबाईंनी दोन दिवस स्वतः रंगवलं, दुसऱ्या कुणाला कुंचला दिला नाही. दहाच्या दहा पोलादी नळ्यांखाली उजव्या बाजूला तीच मऊ काळी सावली, वडिलांनी शिकवलेली, आयुष्यातली सगळ्यात झोकदार. शेवटची तोफ झाली तेव्हा मिशीवाले चार पावलं मागे गेले, डोळे बारीक केले आणि पुटपुटले, "कापडाची दिसायला लागली की हो माझी बाय."

परीक्षेच्या दिवशी मैदानावर गर्दी होती. बाहेरून दोन मोठे अधिकारी आले होते. खोट्या तोफांत तीन कापूस भरलेल्या, सात सावली धुतलेल्या. ड्रोन वर गेलं. सुतार जमिनीकडे बघत होता. आत्याबाईंनी या वेळी चष्मा आधीच पुसून ठेवला होता.

भाचीनं पडद्यावरचे आकडे दोनदा मोजले. "वीसपैकी तीन," ती म्हणाली.

"नीट सांगा," साहेब म्हणाले.

"कापूस भरलेल्या तीनही त्यानं खऱ्या धरल्या. धुतलेल्या सातांपैकी पाच खऱ्या धरल्या, दोन पकडल्या. आणि खऱ्या दहांपैकी नऊ खोट्या म्हणून सोडून दिल्या. अठ्ठ्याण्णव टक्के खात्रीनं. फक्त एक खरी ओळखली, डावीकडून चौथी."

"ती का ओळखली?" आत्याबाईंना ते लागलं. "चौथी तर माझी सगळ्यांत चांगली जमली होती."

मग मिशीवाल्यांनी घसा साफ केला. "सकाळी उठल्यावर पहिली ती पुसतो मी. वीस वर्षांची सवय आहे. अर्धी पुसून झाल्यावर आठवलं."

"मग उरलेली अर्धी तशीच राहू द्यायची."

"अर्धी पुसलेली तोफ मला बघवत नाही, आत्याबाई."

तिथे जो हशा उसळला त्यात बाहेरचे अधिकारीही सापडले. त्यांतला एक हसता हसता भाचीकडे वळला. "तुमचं यंत्र तोंडावर आपटलंय आणि तुम्ही हसताय?"

"साहेब, ते मी घडवलं आणि माझ्या आत्यानं पाडलं," भाची म्हणाली. "दोन्ही घरातच राहिलं." तिचे डोळे भरले होते आणि ती ते पुसायलाही तयार नव्हती.

मोठे साहेब मात्र हसत नव्हते, विचार करत होते. त्यांनी भाचीला विचारलं, "आजचे फोटो दाखवले तर यंत्र शिकेल?"

"तीन आठवड्यांत."

"मग ही युक्ती संपली. आत्याबाई, मग काय?"

"मग तीन आठवड्यांनी त्याला परत इकडेच पाठवा," आत्याबाई म्हणाल्या. "तोवर आम्ही काय हातावर हात ठेवून बसणार आहोत?"

साहेबांनी तिथेच, उभ्या उभ्या, निर्णय दिला. शेड राहील. शेडमधले लोक यंत्राला फसवतील, यंत्र शिकेल, आणि हे असंच चालू राहील, कारण पलीकडेही तेच चाललं असणार. आणि एक काम नवं: आपला डोळा जेव्हा पलीकडचं काही बघून ‘अठ्ठ्याण्णव टक्के’ म्हणेल, तेव्हा बटणावर बोट जाण्याआधी ते फोटो खोट्यांच्या शेडमधले लोक बघतील. "आज माझ्या नऊ खऱ्या तोफांना हे यंत्र अठ्ठ्याण्णव टक्के खात्रीनं खोट्या म्हणालं," साहेब म्हणाले. "उद्या कुणाच्या घरावरच्या पाण्याच्या पाइपाला ते तेवढ्याच खात्रीनं तोफ म्हणेल. त्या वेळी मला असा माणूस हवा, ज्याला खोटं कसं करतात ते माहीत आहे."

आत्याबाईंनी मागे वळून आपल्या सतरा जणांकडे पाहिलं. शिंप्यानं टोपी काढून पुन्हा घातली, कशासाठी ते त्यालाही सांगता आलं नसतं.

त्यानंतर अठ्ठावन्नाव्या वर्षी आत्याबाई पुन्हा शिकायला बसल्या. सकाळी सात, अकरा, दुपारी दोन, पाच, असं दिवसातून चार वेळा स्टूल घेऊन त्या खऱ्या तोफेसमोर जात आणि सावली कुठून कुठे सरकते ते वहीत काढत. मिशीवाले शेजारी उभे राहून तोफेची माहिती देत, न विचारता आणि न थांबता. शिंप्यानं कापूस सोडून भुसा वापरून पाहिला, मग रबराच्या जुन्या ट्यूब. सुतारानं नळी अशी बसवली की ती वाऱ्यानं किंचितही डुलू नये, कारण डुललेली नळी यंत्र पकडतं हे भाचीनं दुसऱ्या फेरीत सांगितलं. तिसऱ्या फेरीत यंत्र जिंकलं. चौथ्या फेरीत शेड. भाची संध्याकाळी निकालाचा कागद घेऊन यायची, आणि हरली असेल तर दारातूनच ओरडायची, "आत्या, चहा टाक, रडायचंय."

सहा महिन्यांनी नव्या पद्धतीच्या पहिल्या तोफा सीमेकडे निघाल्या. लांब ट्रक येऊन अंगणात लागला. क्रेननं तोफ चढवली, वर जाळी टाकली, आणि मग जेवायला गेलेला ट्रकवाला हात पुसत आला. वीस वर्षं तोफा वाहून नेणारा माणूस. त्यानं जाळीखाली वाकून पाहिलं, नळीवरून हात फिरवता फिरवता आवरला, एक फेरी मारली. मग डोकं खाजवत आत्याबाईंकडे आला.

"आत्याबाई, जाड साखळ्या लावू का बारीक?"

सतराच्या सतरा जण दारात उभे होते. आत्याबाईंनी कुंचला कानामागे खोचला आणि अगदी सहज म्हणाल्या, "अरे, सुतळी बांधलीस तरी चालेल."

ट्रकवाला तोफेकडे बघतच राहिला. आत्याबाई शेडमध्ये शिरल्या आणि दुसऱ्या तोफेला लागल्या.